कामाच्या दिवसात प्रार्थना कशी बसवावी: नवख्यांसाठी चार आठवड्यांचा क्रम

रविवारी उपासनेत मन भरून येते आणि सोमवारी साडेनऊला टेबलाशी बसल्यावर त्यातले काहीच हाती लागत नाही, ही तक्रार मंडळीत वारंवार ऐकू येते. अशी तक्रार करणारे श्रद्धेत कमी नसतात. त्यांच्या आठवड्यात प्रार्थनेच्या वाट्याला रोज सकाळची पाच मिनिटे आणि रविवारचे दोन तास येतात. उरलेले पन्नास-साठ तास कामाचे, आणि त्या तासांत देवाशी कसे बोलायचे हे कोणी शिकवलेलेच नसते. हा लेख तेवढ्यासाठी आहे. नोकरी, दुकान, शेती, घरकाम, रिक्षा, वॉर्ड, शाळा, काम कोणतेही असो, क्रम तोच. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट दोघांनाही चालेल असाच तो बेतला आहे.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. ख्रिस्ती परंपरेत कामातला आनंद काम आवडण्यावर उभा नाही. हे काम मी कोणाच्या हाती देतो आहे, हे ठरले की आनंदाला जागा होते. आणि हे एकदा ठरवून भागत नाही. रोज चार-पाच वेळा, ठरलेल्या जागी, पुन्हा ठरवावे लागते.

आधीची तयारी: चार उतारे आणि खिशातली वही

साहित्य फार लागत नाही. पवित्र शास्त्र, खिशात मावेल अशी वही आणि पेन. वहीसाठी मोबाइल वापरू नका. नोंद करायला उघडलेला फोन दुसऱ्याच कुठल्या निरोपावर जाऊन थांबतो आणि दहा मिनिटे गेलेली कळतही नाहीत.

पहिले चार दिवस काहीही न बदलता रोज दहा मिनिटे वाचन करा.

पहिल्या दिवशी उत्पत्तीचा दुसरा आणि तिसरा अध्याय. काम म्हणजे पापाची शिक्षा, अशी समजूत आपल्याकडे खोलवर रुजलेली आहे. इथला क्रम नीट पाहा. बागेची मशागत आणि राखण माणसावर सोपवली जाते ती २:१५ मध्ये. काटे, कुसळे आणि निढळाचा घाम येतो तो ३:१७-१९ मध्ये, आदाम-हव्वेच्या पतनानंतर. म्हणजे काम आधीचे, त्यातला जाच नंतरचा. पुढचे सगळे यावर अवलंबून आहे, कारण जी गोष्ट मुळातच शाप आहे तिच्यात आनंद शोधणे व्यर्थ ठरले असते.

दुसऱ्या दिवशी निर्गम ३१:१-११. देवाच्या आत्म्याने परिपूर्ण केलेला म्हणून शास्त्रात नावानिशी येणारा पहिला माणूस आहे बसालेल. तो याजक नव्हता, संदेष्टा नव्हता. सोने, रुपे, पितळ घडवणारा, रत्ने कोरणारा, लाकडाचे नक्षीकाम करणारा कारागीर होता. त्याच्या जोडीला अहलियाब दिलेला आहे, हेही लक्षात ठेवा. जोडीदाराचा विषय पुढे येईल.

तिसऱ्या दिवशी कलस्सैकरांस पत्र ३:२२ ते ४:१. ‘माणसांसाठी नव्हे तर प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा’ या अर्थाचे वचन कितीतरी घरांत भिंतीवर असते. पण पौल ते कोणाला लिहितो आहे? दासांना. ज्यांना काम निवडता येत नव्हते, सोडता येत नव्हते, ज्यांची मजुरी त्यांच्या हाती नव्हती, त्यांना. आणि लगेच ४:१ मध्ये तो धन्यांना बजावतो की तुमच्यावरही स्वर्गात धनी आहे, दासांशी न्यायाने वागा. भिंतीवर अर्धेच वचन लावले जाते. दोन्ही बाजू एकत्र वाचा.

चौथ्या दिवशी उपदेशक २:१८-२६. कष्टाचे फळ कोणाच्या हाती जाईल कोण जाणे, असे म्हणणारा हा लेखक कामाबद्दलच्या गोड बोलण्याला भुलत नाही. तरीही खाणेपिणे आणि आपल्या श्रमात जिवाला सुख मिळणे हे देवाच्या हातचे दान आहे, असे तो म्हणतो. कामाचा उबग आलेल्या माणसाने इथूनच सुरुवात केली तरी चालेल.

उरलेल्या तीन दिवसांत वहीत फक्त नोंदी. दिवसातून तीनदा, एकेक ओळ: आत्ता कोणते काम, ते करताना मन कुठे होते, चिडचिड कशाने झाली. सुधारणा करायला जाऊ नका. या नोंदी पाहून एक काम निवडायचे आहे. रोज करावे लागणारे, दहा ते तीस मिनिटांचे आणि तुम्हाला मनापासून नको असलेले. आवडीचे काम निवडू नका. तिथे आवड आणि प्रार्थना यांतला फरक कळत नाही आणि आवड ओसरली की प्रार्थनाही ओसरते.

ब्रदर लॉरेन्स यांचे नाव या विषयात नेहमी घेतले जाते ते यामुळेच. लॉरेन प्रांतात सुमारे १६१४ साली जन्मलेला निकोला हर्मन हा आधी सैनिक होता, पायाने अधू झालेला. पॅरिसच्या कार्मेलाइट मठात त्याला स्वयंपाकघर मिळाले, आणि स्वयंपाकाचा त्याला स्वभावतःच तिटकारा होता. त्याच स्वयंपाकघरात देवाच्या सान्निध्यात राहण्याची सवय त्याने वर्षानुवर्षे केली. पुढे तो मठात वहाणा दुरुस्त करायचा. १६९१ मध्ये तो वारला. त्याच्या हाती सुरुवातीला होते ते एक नावडते काम आणि पुन्हा पुन्हा देवाकडे वळण्याचा निर्धार.

पहिला आठवडा: सकाळची तीन मिनिटे आणि उंबरठा

उठल्यावर, फोन हातात घेण्याआधी, बसून तीन मिनिटे. त्यात तीन गोष्टी.

पहिली, एका नेमक्या गोष्टीबद्दल आभार. ‘सगळ्याबद्दल धन्यवाद’ नको. काल रात्री ताप उतरला, पाणी वेळेवर आले, असे काही.

दुसरी, आजची कामे नावाने देवापुढे ठेवणे. इथेच बहुतेकांचे चुकते. ‘प्रभू, आजचा दिवस चांगला जाऊ दे’ ही प्रार्थना कामाला शिवतच नाही. ‘प्रभू, आज सहावी ब च्या वह्या तपासायच्या आहेत, दुपारी बँकेत केवायसीसाठी जायचे आहे, साहेबांना उशिराचे कारण सांगायचे आहे, ही तीन कामे तुझ्या हाती देतो’ असे म्हटले की ते काम समोर येते तेव्हा सकाळची प्रार्थना आठवते. नाव घेतलेल्या कामालाच आठवण चिकटते.

तिसरी, एका माणसाचे नाव. ज्याच्याशी आज गाठ पडणार आणि जो जड जातो, त्याचे. त्याच्यासाठी काय मागायचे ते सुचले नाही तर नुसते नाव घ्या.

शेवटी स्तोत्र ९०:१७ म्हणा, ज्यात आमच्या हातचे काम सिद्धीस ने अशी विनवणी आहे. हे वचन चार दिवसांत पाठ होते. कॅथलिक घरांत क्रुसाची खूण करून दिवस अर्पण करण्याची जुनी रीत आहेच. तिच्यातच ही कामांची नावे घाला.

मग उंबरठा. कामाची जागा जिथे सुरू होते ती एक रेघ ठरवा: दुकानाचे शटर, शाळेचे फाटक, वॉर्डचे दार, स्वयंपाकघराची चौकट, रिक्षाची किल्ली. तिथे एक श्वास थांबायचे आणि मनात म्हणायचे, ‘प्रभू, तू आधीच इथे आहेस.’ घरून काम करणाऱ्यांना ही रेघ मुद्दाम आखावी लागते. लॅपटॉप उघडण्याआधी खुर्ची टेबलाखालून बाहेर ओढण्याची क्रिया त्यांना पुरते.

रेघ ओलांडल्यावर पहिली कृती माणसांची. रूथ २:४ मध्ये बवाज शेतावर येतो आणि कापणी करणाऱ्यांना आधी आशीर्वाद देतो, तेही उलट आशीर्वाद देतात. कामाची विचारपूस त्यानंतर. तुमच्या कचेरीत तोंडाने आशीर्वाद देणे शोभणार नाही, देऊही नका. पण वॉचमन, झाडलोट करणाऱ्या मावशी, शेजारच्या टेबलावरचा सहकारी यांना नावाने हाक मारून विचारपूस करता येते. नावे माहीत नसतील तर या आठवड्यात ती माहीत करून घेणे हेच काम. वाटते त्यापेक्षा हे अवघड आहे, आणि त्याचा गुण वाटते त्यापेक्षा लवकर दिसतो.

दुसरा आठवडा: हाताशी जोडलेली प्रार्थना

एका श्वासात मावेल अशी प्रार्थना निवडा, पाच ते आठ शब्दांची. ‘प्रभू येशू ख्रिस्ता, माझ्यावर दया कर.’ किंवा स्तोत्र ७०:१ वरून, ‘हे परमेश्वरा, माझ्या साहाय्याला सत्वर ये.’ हे दुसरे वचन चौथ्या-पाचव्या शतकातल्या जॉन कॅशियनने वाळवंटातल्या संन्याशांकडून उचलले आणि ते संकटात, समाधानात, काम करताना, प्रवासात, कुठेही म्हणावे असे शिकवले. एकच प्रार्थना महिनाभर ठेवा. रोज नवी शोधत बसले की ती जिभेवर बसत नाही.

आता ती एका क्रियेला जोडा. घड्याळाला जोडली तर विसरता. हाताच्या हालचालीला जोडली तर हातच आठवण करून देतो. गॅस पेटवणे, नळ सुरू करणे, कुलूप काढणे, नवी फाइल उघडणे, फळा पुसणे, सिग्नलला गाडी थांबवणे. यातली एकच क्रिया घ्या, जी दिवसातून दहा-पंधरा वेळा होते.

नर्सचे उदाहरण सविस्तर घेऊ. साबण-पाण्याने हात नीट धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात, हँडरब चोळायला २० ते ३०. एका ड्यूटीत हे कितीतरी वेळा होते. पाणी सुरू करताना नुकत्याच सोडलेल्या पेशंटचे नाव मनात घ्यायचे: ‘प्रभू, सात नंबरच्या आजींवर दया कर.’ तळवे, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखे, हा ठरलेला क्रम चालू असताना गप्प राहायचे, काही मागायचे नाही. हात पुसताना पुढच्या पेशंटचे नाव. यात एक सेकंदही जास्त जात नाही, आणि एका खाटेवरचा ताण दुसऱ्या खाटेवर नेण्याची सवय हळूहळू मोडते. पण तीच नर्स औषधाचा डोस मोजत असेल तेव्हा प्रार्थनेचे शब्द पूर्ण बंद. पेशंटचे नाव, औषध, मात्रा, वेळ, एवढेच. यंत्रावर काम करणाऱ्याने, गर्दीत गाडी चालवणाऱ्याने, रोकड मोजणाऱ्यानेही हेच पाळावे. ज्या कामात चूक झाली तर दुसऱ्याला इजा होते, तिथे त्या कामावरचे अखंड लक्ष हीच देवापुढची सेवा. ही ताकीद नवखे लोक हमखास विसरतात.

आता तुमचे ते निवडलेले नावडते काम. समजा, रात्रीची भांडी. पंधरा-वीस मिनिटांचे काम. फोन दुसऱ्या खोलीत. आधी पेले, मग ताटे-वाट्या, तेलकट कढई आणि कुकर शेवटी. करपलेले भांडे आधीच गरम पाण्यात भिजत घातलेले. क्रम रोज तोच ठेवला म्हणजे काय करायचे याचा विचार करावा लागत नाही आणि मन मोकळे राहते. पहिली पाच मिनिटे त्या त्या ताटात जेवलेल्या माणसाचे नाव घ्या. पुढची पाच मिनिटे नुसते हात, पाणी, भांडे यांकडे लक्ष. मग गुणगुणा. नारायण वामन टिळकांनी (१८६१-१९१९) अभंग आणि ओवी ख्रिस्ती उपासनेत रुजवली, त्यामुळे जात्यावरच्या चालीत बसणारी गीते मराठी ख्रिस्ती माणसाला मुद्दाम शोधावी लागत नाहीत. महिन्याला एक गीत सगळ्या कडव्यांसह पाठ करा. पहिलेच कडवे येत असेल तर तिसऱ्या दिवशी कंटाळा येतो.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठांसाठी जे नियम घालून दिले, त्यांत कोठाराच्या कारभाऱ्याला सांगितले आहे की मठातली सगळी अवजारे आणि वस्तू वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी माना. स्वयंपाकघराची पाळी आठवड्याने बदलायची, पाळी संपवणाऱ्याने हातपाय पुसण्याचे पंचे धुऊन द्यायचे आणि भांडी स्वच्छ व धड परत करायची, असेही त्यात आहे. घरात भांडी नेहमी एकाच बाईच्या वाट्याला येत असतील तर बेनेडिक्टचा हा दुसरा नियमही पहिल्याइतकाच घ्यावा: पाळी सगळ्यांना. एकीने आनंदाने घासायची आणि बाकीच्यांनी बसून राहायचे, याला भक्ती म्हणता येणार नाही.

तिसरा आठवडा: दुपारचा थांबा, आणि दुपारचे भूत

दानीएल ६:१० मध्ये दानीएल दिवसातून तीनदा गुडघे टेकतो, आणि तो मोठ्या राज्याचा कारभारी होता, रिकामा नव्हता. कॅथलिक परंपरेत सकाळी सहा, दुपारी बारा आणि संध्याकाळी सहाला देवदूताच्या निरोपाची प्रार्थना म्हणतात. गोव्यात, वसईत जुन्या चर्चची घंटा त्यासाठीच. तुम्ही यातली दुपारची वेळ धरा. बारा शक्य नसेल तर डबा उघडण्याआधी. साठ ते नव्वद सेकंद: प्रभूची प्रार्थना एकदा, सावकाश. ती पाऊण मिनिटात होते. उरलेल्या वेळात सकाळी नाव घेतलेल्या कामांवर नजर टाका. झाले ते झाले, राहिले ते राहिले, दोन्ही त्याच्या हाती.

पाणी प्यायला जितका वेळ जातो तितकाच घ्या. कामाच्या पगारी वेळेत पंधरा मिनिटे डोळे मिटून बसणे ही मालकाच्या वेळेची चोरी आहे आणि सहकाऱ्यांवर भार. दाखवून करू नका, लपवूनही करू नका. कोणी विचारले तर सरळ सांगा.

या आठवड्यात बहुधा निरसपणा येतो. पहिल्या आठवड्याची नवलाई संपलेली असते, सवय अजून बसलेली नसते. वेळ पुढे सरकत नाही, दुसऱ्याची नोकरी बरी वाटते, हे सगळे सोडून द्यावे असे वाटते. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहिलेल्या एव्हाग्रियसने या अवस्थेला ‘दुपारचे भूत’ म्हटले. सूर्य जागचा हलत नाही असे वाटते, माणूस सारखा खिडकीतून डोकावतो, जागेचा आणि कामाचा तिटकारा येतो, असे त्याने वर्णन केले आहे. दुपारी तीनच्या सुमारास कचेरीत बसलेल्या कोणालाही ते ओळखीचे वाटेल. त्यामुळे निरस वाटले तर आपली श्रद्धा आटली असा निष्कर्ष काढू नका. वाटेवरचे ठरलेले ठिकाण आले एवढेच.

त्यावर उपाय जुनाच आहे: जागा सोडायची नाही, आणि हाताला काम द्यायचे. त्याच वाळवंटातल्या संत अँथनींबद्दल (पदुआचे संत अँथनी वेगळे) सांगतात की ते खिन्न होऊन बसले असता त्यांना एक माणूस दिसला. तो बसून दोरी वळत होता, मग उठून प्रार्थना करत होता, पुन्हा बसून दोरी वळत होता. असे कर म्हणजे तरशील, असे शब्द त्यांच्या कानी आले. व्यवहारात याचा अर्थ असा: दुपारी जड वाटले की डोक्याचे काम बाजूला ठेवून वीस मिनिटे हाताचे काम करा. फायली लावा, टेबल पुसा, माल रचा, रोपांना पाणी घाला. मग एकदा ती छोटी प्रार्थना. मग मूळ काम. या आठवड्यात प्रार्थना वाढवू नका. वाढवली की आठवडाअखेर सगळेच सुटते.

संध्याकाळचा आढावा

संत इग्नेशियस लोयोला (१४९१-१५५६) यांनी शिकवलेली ही पद्धत पाच पायऱ्यांची आहे. दहा मिनिटे पुरतात.

१. आभार: दिवसातल्या दोन-तीन नेमक्या गोष्टी. २ मिनिटे.
२. प्रकाशाची मागणी: दिवस मला माझ्या नजरेने नको, तुझ्या नजरेने पाहू दे. १ मिनिट.
३. उजळणी: सकाळपासून तास-तास पुढे सरकत. ४ मिनिटे.
४. क्षमा: जिथे चुकले ते नावाने. २ मिनिटे.
५. उद्या: एकच काम, एकच माणूस. १ मिनिट.

उजळणीत चुका मोजू नका. कोणत्या क्षणी मन मोकळे, हलके, दुसऱ्याकडे वळलेले होते आणि कोणत्या क्षणी आक्रसले, एवढेच पाहा. आनंदाचा क्षण बहुधा फार लहान असतो आणि नोंदला नाही तर हरवतो: गिऱ्हाइकाला नीट माप दिले तेव्हा, मुलाला भागाकार समजला तेव्हा, शिवण सरळ आली तेव्हा. वहीत एक ओळ लिहा, जास्त नाही.

जागा विचारपूर्वक निवडा. अंथरुणात आढावा घेऊ नका, दुसऱ्या पायरीवर झोप लागते. परतीच्या लोकलमध्ये बसायला मिळत असेल तर ती उत्तम जागा. घरी पोचल्यावर लगेच नको. घरची माणसे वाट पाहत असतात, आधी त्यांच्याशी बोला.

दोन आठवड्यांनी वहीतल्या ओळी सलग वाचा. एखादी गोष्ट वारंवार दिसेल. कुणाला दिसते की आनंद येतो तो शिकवताना आणि जातो तो तुलना करताना. कुणाला दिसते की शुष्कता कामाची नसून अपुऱ्या झोपेची आहे. स्तोत्र १२७:२ मध्ये पहाटे उठून रात्री उशिरापर्यंत कष्टाची भाकर खाणे व्यर्थ म्हटले आहे. तसे असेल तर पुढचा आठवडाभर प्रार्थनेत काही बदलू नका, फक्त तासभर आधी झोपा.

चौथा आठवडा: रविवार खरोखर मोकळा करणे

विश्रांतीची आज्ञा निर्गम २०:८-११ मध्ये आहे आणि तिच्यात दास, दासी, गुरे आणि दारचा परका यांचीही नावे आहेत. अनुवाद ५:१५ मध्ये कारण सांगितले आहे: तू मिसर देशात दास होतास याची आठवण ठेव. म्हणून घरी कामाला येणाऱ्या बाईंना आठवड्याची पगारी सुट्टी देत नसाल तर रविवार पाळण्याची सुरुवात तिथून करा.

आपल्या मराठी ख्रिस्ती घरांत रविवार बहुतेक वेळा पुरुषांपुरताच येतो. उपासनेहून आल्यावर बाईने मटण शिजवायचे, पाहुणे वाढायचे, दुपार भांड्यांत. हे बदलायला शनिवारी संध्याकाळी दीड तास लागतो, आणि तो सगळ्यांनी मिळून द्यायचा. मसाला वाटून ठेवा, भाजी निवडून ठेवा, रविवारी एकाच भांड्यात होणारे जेवण ठरवा, कपडे शुक्रवारीच धुऊन टाका. सोमवारची कामे एका कागदावर लिहून तो कागद पाकिटात घाला, म्हणजे ती डोक्यात घोळत नाहीत. ऑफिसचा ग्रुप चोवीस तासांसाठी मूक करा.

दुसरी गळती चर्चमध्येच असते. संडे स्कूल, गायनमंडळ, कमिटीची सभा आणि आजाऱ्यांच्या भेटी एकाच माणसावर पडल्या की त्याचा रविवार म्हणजे सातवा कामाचा दिवस होतो. यातली एकच जबाबदारी ठेवा आणि बाकीच्यांबद्दल पाळकांशी किंवा फादरांशी स्पष्ट बोला. नर्स, पोलीस, एसटीचे चालक यांना रविवार मिळत नाही. त्यांनी साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या संध्याकाळपासून चोवीस तास धरावेत आणि त्यात अर्धा तास वचनाला द्यावा.

जिथे ही पद्धत लावायची नाही

फारो पेंढा न देता विटांची तीच संख्या मागतो (निर्गम ५), तेव्हा मोशे लोकांना आनंदाने विटा पाडा असे सांगत नाही. मजुराची मजुरी रात्रभर अडवून ठेवू नका असे लेवीय १९:१३ सांगते, आणि अडवलेली मजुरी ओरडते असे याकोब ५:४. अन्यायाला प्रार्थनेचा मुलामा देऊ नका. पगार थकला असेल तर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात लेखी तक्रार करा; हजेरी आणि पगाराच्या पावत्या जपून ठेवा. स्त्रियांच्या लैंगिक छळाबाबत २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती बंधनकारक केली आहे, आणि तक्रार साधारणपणे तीन महिन्यांच्या आत करायची असते. ‘प्रभूसाठी सहन कर’ असे सांगणारा सल्लागार कितीही भक्तिमान असला तरी इथे त्याचे ऐकू नका.

कामातच खोटेपणा असेल तर? मापात मारणे, भेसळ, चिरीमिरी, खोटी बिले. नीतिसूत्रे ११:१ मध्ये खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट आहे असे म्हटले आहे, आणि तो वीट प्रार्थनेने जात नाही. लूक ३:१२-१४ मध्ये बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने दिलेले उत्तर फार उपयोगी आहे. जकातदारांना तो काम सोडा म्हणत नाही, ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका म्हणतो. शिपायांना तो जुलूम करू नका, आपल्या पगारात तृप्त राहा म्हणतो. कामातला जो भाग खोटा आहे तो आधी काढा. काढणे अशक्यच असेल तर दुसरे काम शोधायला लागा, आणि तोवर कोणत्या कागदावर सही करणार नाही ते ठरवून ठेवा.

आणि दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच रस वाटत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, जगणे नकोसे होत असेल, तर तो दुपारच्या भुताचा प्रकार नाही. डॉक्टरांकडे जा. १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो. औषध घेणे श्रद्धेच्या आड येत नाही.

जोडीदार

एकट्याने हे सहसा महिन्यापलीकडे जात नाही. दोन किंवा तीन जण, आठवड्यातून एकदा अर्धा तास, प्रत्यक्ष भेटून. प्रत्येकाने दोनच प्रश्नांची उत्तरे द्यायची: या आठवड्यात काम कुठे हलके वाटले? कुठे मन आक्रसले? मध्ये बोलायचे नाही, सल्ला द्यायचा नाही, ऐकलेले बाहेर न्यायचे नाही. शेवटी एकमेकांच्या कामाचे नाव घेऊन प्रार्थना. चौघे झाले की अर्ध्या तासात बसत नाही आणि गप्पा सुरू होतात. शक्यतो वेगवेगळ्या कामांतली माणसे घ्या. एकाच कचेरीतली तिघे साहेबांवरच बोलत राहतात.

हे मोठ्या प्रमाणावर कसे दिसते ते पाहायचे तर केडगावच्या मुक्ती मिशनचा इतिहास वाचावा. पंडिता रमाबाईंनी (१८५८-१९२२) १८९६-९७ च्या दुष्काळातून वाचवलेल्या मुली आणि स्त्रिया तिथे विणकाम, तेलाचा घाणा, दुग्धशाळा, छापखाना अशी कामे शिकल्या. रमाबाईंनी केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराचे खिळे जुळवणारे हात त्याच स्त्रियांचे. प्रार्थना आणि धंदेशिक्षण एकाच आवारात चालत होते, एकाच घंटेवर.

दुसऱ्या महिन्यात

प्रार्थनेची वेळ आहे तेवढीच ठेवा आणि एक नवे काम जोडा, पुन्हा नावडतेच. पहिल्या कामातला आनंद अजून जाणवत नसेल तरी चालेल. गलतीकरांस पत्र ५:२२ मध्ये आनंदाला आत्म्याचे फळ म्हटले आहे, आणि फळ आपल्या मोसमात येते. सकाळची तीन मिनिटे चुकली तर दुपारी भरपाई करू नका, उंबरठ्यापासून पुढे चालू करा. सलग आठवडा चुकला तर पहिल्या आठवड्याच्या क्रमावर परत या, तयारीचे वाचन पुन्हा करायची गरज नाही. रात्रपाळी असेल तर ‘सकाळ’ म्हणजे उठल्यानंतरची वेळ आणि ‘दुपारचा थांबा’ म्हणजे पाळीच्या मध्यावरचा चहा. पहाटे तीनच्या सुमारास दुपारचे भूत येते तेव्हा त्या छोट्या प्रार्थनेसोबत उभे राहून चार पावले चाला.

१ मे हा आपल्याकडे महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन, आणि १९५५ पासून कॅथलिक मंडळीत कष्टकरी संत योसेफ यांचा सणही. त्या दिवशी कामाची हत्यारे वेदीपाशी आणून आशीर्वाद मागता येतो: करवत, थापी, कात्री, स्टेथोस्कोप, खडू, रिक्षाची किल्ली. प्रॉटेस्टंट मंडळीत त्याच्या जवळच्या रविवारी हे करता येईल. असे करायचे असेल तर फादरांना किंवा पाळकांना एप्रिलच्या मध्यालाच विचारून ठेवा, आणि धारदार वस्तू कापडात गुंडाळून आणायला सांगा.